सवाल आणि जबाब: लंडनचा म्युझिक हॉल, गिरणगाव आणि आपला बाल्या नाच

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की अहो, रोहा-नागोठण्याच्या मध्ये बसून लंडनच्या कॉकनी गाण्यांचं आम्ही काय करायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढच्या तासाभरात द्यायचा प्रयत्न करू.

थोडक्यात सांगायचं तर असं. एकोणिसाव्या शतकात लंडन आणि मुंबई या दोन्ही शहरांत हातावर पोट असलेल्या माणसांची प्रचंड गर्दी झाली. दोन्हीकडे त्या माणसांना शहराने हिणवणारी नावे दिली. दोन्हीकडे त्यांनी तिकीट काढून, एकत्र बसून ऐकायची गाणी उभी केली. आणि दोन्हीकडे ती गाणी जिथे गायली जात त्या जागा गेल्या. इथपर्यंत सारखेपणा आहे. पण एक फरक आहे, आणि तो इथल्या लोकांच्या घरातला आहे. लंडनच्या गाण्यात श्रोता ध्रुपद उचलत असे. आपल्या गाण्यात समोरच्याला उत्तर द्यावे लागते. हा फरक बारीक वाटतो, पण आमच्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी नावापासून सुरुवात करू. ‘कॉकनी’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ ‘कोंबड्याचे अंडे’ असा सांगतात. कोंबडा अंडे घालत नाही, म्हणजे जे अंडे वेडेविद्रे, बिनकामाचे, त्याला हे नाव. पुढे लाडावलेल्या, नाजूक पोराला ते लावू लागले. मग खेड्यातले लोक शहरी माणसाला चेष्टेने कॉकनी म्हणू लागले, कारण त्याला नांगर धरता येत नाही. सतराव्या शतकात व्याख्या अधिक नेमकी झाली: लंडनमधल्या सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा जिथवर ऐकू येतात तिथे जन्मला तो कॉकनी. म्हणजे शिवीचा पत्ता ठरला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेच लोक छातीवर हात मारून ‘आम्ही कॉकनी’ म्हणू लागले. हा बदल घडवण्यात गाण्यांचा वाटा मोठा आहे.

आता मुंबईकडे या. घाटावरून आलेला हमाल, गिरणीवाला, तो ‘घाटी’. घरकामाला ठेवलेला कोकणी गडी ‘रामा’. आणि कोकणातून आलेला कुणबी कष्टकरी, ज्याच्या कानात बाळी असायची, तो ‘बाल्या’. ‘बाल्या’ हे नाव त्या बाळीवरूनच पडले असे सांगतात. ही नावे प्रेमाने दिलेली नव्हती. शेठच्या घरात, बाजारात, नाटका-सिनेमांच्या विनोदात ती टवाळीसाठी वापरली जात. आणि आज? आज त्याच माणसांचा नाच ‘बाल्या नाच’ म्हणून कोकणाची शान म्हणून मिरवला जातो. गावात जुनी माणसे त्याला जाखडी म्हणतात. ‘बाल्या’ हे शहराने दिलेले नाव. म्हणजे हिणवणारा शब्द नाचणाऱ्याने उचलला आणि आपल्या पायातल्या चाळाला बांधला. लंडनमध्ये जे झाले, तेच इथे झाले.

आता जागा कशा उभ्या राहिल्या ते बघू. लंडनच्या लॅम्बेथ भागात चार्ल्स मॉर्टन नावाचा एक गुत्तेवाला होता. त्याच्या दारूगुत्त्यात लोक पिता पिता गात असत. त्याने हिशेब केला, की गाण्याने गिऱ्हाईक टिकते. १८५२ मध्ये त्याने गुत्त्याला लागून खास सभागृह बांधले, कँटरबरी हॉल. टेबलं मांडलेली, समोर रंगमंच, आणि एक अध्यक्ष हातोडी आपटून पुढच्या गायकाचे नाव पुकारणार. खाणे, पिणे आणि गाणे एका छपराखाली. पुढच्या काही दशकांत असे हॉल शहरभर झाले.

आणि गंमत बघा, त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली. दोन वर्षांनी ती सुरू झाली. तिच्यामागून ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी असे गिरणगाव वाढत गेले. मुंबईचे करमणुकीचे नाके मात्र आधी ग्रँट रोडला होते. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर तिथे १८४६ मध्ये थिएटर उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथे मराठी नाटकाचे खेळ केले. मग तिथे एकामागून एक नाटकघरे झाली. ‘प्ले हाउस’ हा शब्द लोकांच्या तोंडी ‘पिला हाउस’ झाला. शब्द पचवायची ही जी ताकद आहे ना, ती कष्टकऱ्यांच्या भाषेची खूण आहे. कॉकनी माणूसही शब्दांशी असाच खेळतो. तो मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द वापरतो, म्हणजे बाहेरच्याला काही कळू नये.

पठ्ठे बापूराव हे नाव सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याकडच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला, पवळाबाईंबरोबर फड उभा केला, आणि मुंबईची थिएटरे तिकिटांवर भरवली. त्यांच्या लावण्यांत मुंबई शहर स्वतःच एक पात्र होऊन येते. पुढे गिरणगावात लालबागला नेराळे कुटुंबाचे न्यू हनुमान थिएटर झाले. पगाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसे. घाटावरच्या गिरणीकामगाराला त्या चार तासांत आपले गाव परत मिळत असे.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे, की या गाण्यांचा मालक कोण? लंडनचे उदाहरण फार बोलके आहे. ‘कॉस्टर’ म्हणजे हातगाडीवर फळे-भाजी विकणारा. या कॉस्टरची गाणी गाऊन अल्बर्ट शेव्हालिए प्रसिद्ध झाला. पण तो स्वतः हातगाडीवाला नव्हता. तो नाटकातला शिकलेला नट होता आणि १८९१ मध्ये म्युझिक हॉलकडे वळला. म्हणजे ‘अस्सल कॉकनी’ म्हणून जे रंगमंचावर दिसले, त्यातले बरेचसे नटाने घडवलेले होते. मग ती गाणी खोटी का? आम्हाला तसे वाटत नाही. कारण पुढच्या आठवड्यात तीच गाणी खरा हातगाडीवाला गल्लीत गात होता. गाणे कोणी लिहिले यापेक्षा ते कोणी उचलले, कोणी चालवले, कोणी बदलले, यावर त्याची मालकी ठरते. आपल्याकडेही फिल्मी चालींवर शाहीर शब्द बसवतात आणि शिष्ट लोक नाके मुरडतात. चाल परकी असेल, पण तिच्यातून सांगितलेली गोष्ट गावची असते.

आता आपल्या पट्ट्याबद्दल बोलू. गिरणीत सर्वांत जास्त माणसे रत्नागिरी जिल्ह्यातून गेली, पण त्या वेळचा कोलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, हाही मागे नव्हता. भाताचे एक पीक, खोताचा नाहीतर सावकाराचा वाटा, आणि उरलेले आठ महिने काय करायचे? तेव्हा इथे रेल्वे नव्हती. धरमतरच्या खाडीतून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचे. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा रेल्वेमार्ग १९८६ मध्ये झाला, तेव्हा कुठे आपल्याकडे गाडी आली. म्हणजे गाडी आली ती गिरण्यांचा संप होऊन गेल्यावर! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मुंबईत हा माणूस राहायचा कुठे? गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा होई. ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. बायको-मुले गावी. त्या खोलीतून गावचे मुंबई मंडळ निघाले आणि मंडळाबरोबर नाच. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा आहे, शाळेला पत्रे घालायचे आहेत, तर मुंबईत कार्यक्रम लावायचा, तिकिटे खपवायची आणि पैसा गावी पाठवायचा. यासाठी हक्काचे ठिकाण होते परळचे दामोदर हॉल. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि तिच्या परिसरात १९२२ मध्ये हे नाट्यगृह झाले. कामगार रंगभूमीची नाटके तिथे झाली, नमन-खेळे झाले, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या झाल्या. लंडनचा म्युझिक हॉल गुत्त्यातून निघाला, आपला हॉल समाजसेवेतून. लंडनमध्ये दारूच्या विक्रीवर गाणे चालले, इथे गाण्याच्या तिकिटावर गावचे देऊळ उभे राहिले. यात आम्ही कोणाला उजवे-डावे ठरवत नाही. पण पैशाची वाट कोणती होती यावरून गाण्याचा स्वभाव कळतो.

इथे बसलेल्यांना शक्ती-तुरा सांगायला नको, पण लांबून ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. मध्ये गाणारे-वाजवणारे बसतात: शाहीर, ढोलकी किंवा मृदंग, झांज. त्यांच्याभोवती नाचणारे फेर धरतात, पायात चाळ. आधी गण, मग गौळण, आणि मग खरा सामना. एक बाजू शक्तीची, दुसरी तुऱ्याची. शक्तीवाले म्हणतात, आदिमाया थोर, तिच्यापासून सगळे निपजले. तुरेवाले म्हणतात, शिव थोर, त्याच्याशिवाय माया कशावर नांदणार? घाटावर आणि उत्तरेत यालाच कलगी-तुरा म्हणतात. मध्य भारतात याची एक आख्यायिका आहे: तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांचा वाद राजासमोर रंगला, राजाने खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. आख्यायिका खरी की नाही हा मुद्दा सोडा. वादाचे बक्षीस दोघांनाही मिळाले, हे लोकांना लक्षात ठेवावेसे वाटले, यातच बरेच काही आले.

आमचे सगळे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे इथे थोडे रेंगाळतो, सांभाळून घ्या. प्रकृती श्रेष्ठ की पुरुष, हा सांख्यांचा प्रश्न आहे. सांख्यकारिकेत आंधळ्या आणि पांगळ्याचा दृष्टांत येतो. प्रकृती चालते पण पाहत नाही, पुरुष पाहतो पण चालत नाही. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले तर दोघेही वाट काटतात. वर्गात हे समजावून सांगताना आमची दमछाक व्हायची. आणि इकडे दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री दामोदरला बसून हाच प्रश्न यमकात विचारत होता, आणि समोरचा त्याच चालीत उत्तर देत होता! त्याने कारिका वाचल्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला होता, गुरूकडून शिष्याकडे, वहीतून वहीत.

आता मुख्य वादाकडे येतो. गॅरेथ स्टेडमन जोन्स नावाचे इतिहासकार आहेत. त्यांनी १९७४ मध्ये लंडनच्या कामगारवर्गाबद्दल एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की १८७० नंतर लंडनचा कामगार लढाईपासून दूर होऊन घर, गुत्ता आणि म्युझिक हॉल यांत रमला. त्याची संस्कृती ही समाधानाची, दिलाशाची संस्कृती झाली. गाणी घरभाड्याची थट्टा करतात, पण घरभाडे का वाढले हे विचारत नाहीत. काही गाणी तर सरळ राजसत्तेची री ओढत. १८७८ च्या सुमारास रशियाशी लढायची भाषा करणारे एक गाणे म्युझिक हॉलमध्ये इतके गाजले, की त्यातल्या एका शब्दावरून आंधळ्या युद्धखोरीला इंग्रजीत ‘जिंगोइझम’ हे नावच पडले. म्हणजे सगळा हॉल एका सुरात ध्रुपद गातो, याचा आनंद मोठा असला, तरी धोकाही तितकाच मोठा आहे. एका सुरात गाणाऱ्याला मध्येच थांबून ‘का?’ असे विचारता येत नाही.

पण गाणे नुसते झोपवणारेच असते असेही नाही. दोन गाण्यांची गोष्ट सांगतो, ओळी न म्हणता. शेव्हालिएचे १८९२ चे ‘माय ओल्ड डच’ हे गाणे. एक म्हातारा आपल्या चाळीस वर्षांच्या संसारातल्या बायकोचे गुण गातो. ऐकायला गोड, हळवे. पण शेव्हालिए ते गाताना मागे देखावा असे तो अनाथाश्रमवजा सरकारी कष्टघराचा, वर्कहाउसचा. त्या कष्टघराचा नियम असा, की आत जाताना नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला. म्हणजे गाण्यात जी सोबत आहे ती पुढच्या क्षणी गरिबी तोडणार आहे. प्रेक्षक रडत, आणि घरी जात.

आता अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. अण्णाभाऊ १९२० चे, वाटेगावचे. लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले, पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे. गावकीच्या खोलीत झोपणाऱ्या प्रत्येक माणसाची हीच कथा होती. पण अण्णाभाऊ तिथे थांबत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी त्या मैनेला महाराष्ट्राबाहेर राहू पाहणाऱ्या मुलखाशी जोडले. विरहाला पत्ता दिला, कोणी ताटातूट केली ते नाव घेऊन विचारले. दोन्ही गाण्यांत गरीब नवरा-बायकोची ताटातूट आहे. एक गाणे डोळे पुसते, दुसरे डोळे पुसून प्रश्न विचारते. अण्णाभाऊंनी तमाशातला गणही बदलला होता. गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन केले. साचा जुना, आतले सूत नवे.

म्हणून तर सरकारांना या गाण्यांची धास्ती वाटते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर निर्बंध आणले. लाल बावटाच्या खेळांवरही बंदी आली. मग तमाशाला ‘लोकनाट्य’ हे सभ्य नाव घेऊन वाट काढावी लागली. लंडनमध्ये मारी लॉइडचे तेच झाले. ही १८७० मध्ये हॉक्सटनच्या गरीब वस्तीत जन्मलेली बाई म्युझिक हॉलची राणी होती. साधे शब्द, पण डोळा मिचकावून असे म्हणायची की हॉल हसून लोळत असे. १९०७ मध्ये छोट्या कलावंतांनी जादा खेळांच्या मोबदल्यासाठी संप केला, तेव्हा हिला स्वतःला काही कमी नसताना ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. आणि १९१२ मध्ये राजासमोर म्युझिक हॉलचा पहिला शाही खेळ झाला, तेव्हा अनेकांना बोलावले, हिला वगळले. गाणे सभ्य झाले म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

मारी लॉइड १९२२ मध्ये गेली. तिच्यावर टी. एस. इलियट या कवीने लेख लिहिला. इलियट काही कामगारांचा कैवारी नव्हता, पण त्याने एक अचूक गोष्ट टिपली. तो म्हणतो, ध्रुपद उचलणारा कष्टकरी हा स्वतःच त्या कलेचा एक भाग सादर करत होता. आता तो सिनेमात अंधारात बसेल आणि फक्त पाहील. पुढे झालेही तसेच. हॉल एकेक करून सिनेमागृहे झाले. आपल्या पिला हाउसच्या नाटकघरांचेही तेच झाले.

गिरणगावाचा शेवट मात्र वेगळ्या तऱ्हेने झाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो झिजत गेला. माणसे गावी परतली, काही परत गेलीच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. श्रोताच गेला तर थिएटर कुठून चालणार? लालबागचे हनुमान थिएटर नव्वदच्या दशकात बंद झाले. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद केले, तेव्हा कलावंतांना आमची जागा परत द्या म्हणून आवाज उठवावा लागला.

आता तो फरक, जो सुरुवातीला म्हटला. कॉकनी माणसाला परत जायला गाव नव्हते. त्याचे गाव लंडनच होते. हॉल गेले तसे त्याचे गाणे आधी रेडिओवर गेले, मग आठवणींच्या कार्यक्रमांत. आज लंडनमधला १८५९ चा विल्टन्स म्युझिक हॉल जपून ठेवला आहे, फार सुंदर आहे म्हणतात, पण आजूबाजूची ती वस्ती राहिली नाही. आपल्याकडे उलटे झाले. गिरणगाव गेले, पण गाणे ट्रंकेत भरून गावी आले. मुळात ते इथूनच गेले होते. मुंबईत त्याला तिकीट, माइक, रंगमंच आणि सामन्याची धार मिळाली, आणि ते परतले. गणपतीत, गौरीच्या रात्री, रोहा-माणगाव-म्हसळ्यापासून खाली रत्नागिरीपर्यंत ते चालते. १९८६ ची रेल्वे संप मोडल्यावर आली असे म्हटले ना? तिने कामावर जाणारी माणसे कमी नेली, सणाला परतणारी जास्त आणली.

म्हणून आम्ही म्हणतो, की लंडनकडे वारसा म्हणून इमारत उरली, आणि आपल्याकडे इमारत गेली तरी रीत उरली आहे. रीत म्हणजे काय? तर सवाल-जबाबाची रीत. ती इमारतीपेक्षा मौल्यवान आहे. स्टेडमन जोन्स यांनी म्युझिक हॉलवर घेतलेला आक्षेप या रीतीला जसाच्या तसा लागू होत नाही. कारण बारीमध्ये प्रश्न विचारणे हा अपघात नाही, तो नियम आहे. आणि त्याहून महत्त्वाचे, उत्तर देण्यासाठी आधी समोरच्याचे पूर्ण ऐकावे लागते. त्याचा शब्द, त्याची चाल, त्याचा पुराणातला दाखला मनात धरावा लागतो. ज्याने ऐकले नाही त्याचा जबाब पडतो, आणि तो पडला हे शेवटच्या ओळीतल्या पोरालाही कळते. विरोधकाचे नीट ऐकल्याशिवाय जिंकता येत नाही असा खेळ आज कुठे उरला आहे, सांगा बरं? टीव्हीवरच्या चर्चा तर बघताच तुम्ही.

पण ही रीत आपोआप टिकेल अशा भ्रमात राहू नये. तीन गोष्टी आम्हाला खटकतात, त्या स्पष्ट सांगतो. एक, पुष्कळदा सामना आता ठरवून होतो. सवाल आधीच कळवलेला, जबाब आधीच लिहिलेला. दुसरे, प्रश्नाच्या जागी टोमणा आला आहे. समोरच्या शाहिराच्या रंगावर, गावावर, अंगावर बोलले की शिट्ट्या पडतात, आणि शक्ती-तुरा बाजूलाच राहतो. तिसरे, महोत्सवांत हा नाच पंधरा मिनिटांत बसवतात: फेर, उड्या, रंगीत कमरपट्टे, आणि वाद पूर्ण गाळलेला. शेव्हालिएच्या कॉस्टरसारखे होते मग. पोशाख अस्सल, पण आतला माणूस बोलत नाही.

एक गोष्ट मात्र आशेची आहे. पिढ्यान्‌पिढ्या शक्तीची बाजू पुरुषच मांडत आले. आदिमाया थोर म्हणणारे सगळे बुवा, आणि मैना गावावरच राहिलेली! तिला काय म्हणायचे आहे हे कोणी विचारलेच नव्हते. अलीकडे स्त्री शाहीर बारीला उभ्या राहतात आणि सामना करतात. काही जाणत्यांना ते रुचत नाही. आम्हाला वाटते, की शक्तीवाल्यांनी एवढी वर्षे जे गायले त्याचा हा खरा जबाब आहे.

मग करायचे काय? मोठमोठ्या योजना आम्ही सांगत नाही. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. या पट्ट्यात प्रत्येक गावात असे दोन-चार जण सापडतील. त्यांच्या वह्या माळ्यावर असतील, वाळवी लागायच्या आत त्या खाली काढा. फोनवर फोटो घ्या, पण नुसते गाणे उतरवून थांबू नका. हा सवाल कोणी कोणाला टाकला, कुठल्या हॉलात, त्याला जबाब काय आला, आणि त्या दिवशी कोणती पाळी करून आला होतात, हेही विचारा. गाणे वहीत राहते, पण ते कशाला उत्तर होते हे फक्त माणसाच्या डोक्यात राहते. आणि नागोठण्याच्या कारखान्यात, धाटावच्या वसाहतीत आज जी पोरे ठेक्यावर राबतात, त्यांचे सवाल कोणत्या बारीत विचारले जातात, तेही बघा. शक्ती-शिवाच्या बरोबरीने पाळीचा, पगाराचा, कुंडलिकेच्या पाण्याचा सवाल एखाद्या शाहिराने टाकला, तर परंपरा बिघडणार नाही. अण्णाभाऊंनी गण बदलला तेव्हाही ती बिघडली नव्हती.

नमुन्यादाखल एकच काम इथून जाताना घेऊन जा: येत्या गणपतीत जी बारी ऐकाल, तिच्यातला एक सवाल घरी येऊन लिहून काढा, आणि त्याला तुम्ही स्वतः काय जबाब दिला असता तेही लिहा. यमक नाही जुळले तरी चालेल.

आमचे बोलणे इथे संपवतो. तासभर एकट्यानेच बोललो, हे आजच्या विषयाला शोभणारे नाही. तेव्हा आता माइक खाली फिरवा. सवाल येऊ द्या.